तिसरी पिन

काउंटरवर नऊ वस्तू होत्या. प्रोसेसर एक, मदरबोर्ड एक, रॅमच्या कांड्या दोन, एसएसडी एक, प्रोसेसरवर बसवायचा कूलर एक, सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस एक, कॅबिनेट एक आणि कॅबिनेटच्या मागच्या अंगाला लावायचा जादा पंखा एक. शिवाय स्क्रूची पिशवी. दीप्तीने ती काचेवर उलटी केली आणि बोटाने एकेक स्क्रू बाजूला सारत मोजले. एकोणतीस भरले. कॅबिनेटच्या पुस्तिकेत तीस लिहिले होते.

"उदयदादा, एक स्क्रू कमी आहे."

राजारामपुरीतल्या त्या दुकानाचा मालक उदयसिंह सकाळपासून तिच्यापुढे उभा होता आणि आता त्याचा धीर संपत आला होता. "ताई, एका स्क्रूनं काय बिल्डिंग पडणार हाय व्हय? ड्रॉवरमध्ये शंभर पडल्यात. घ्या मूठभर."

"कमी पडेल म्हणून नाही विचारत. तो गेला कुठं, ते विचारतेय."

तिने रिकामे कॅबिनेट दोन्ही हातांनी उचलले, कानाशी धरले आणि हळूच हलवले. आत काहीतरी खुळखुळले. तो स्क्रू मदरबोर्डाच्या मागे जाऊन बसला असता. महिनाभर, वर्षभर गप्प राहिला असता. मग कधीतरी कुणी टेबल सरकवले असते, स्क्रू घरंगळून सोल्डरच्या दोन टाक्यांच्या मध्ये अडकला असता आणि ठिणगी पडली असती. त्या वेळी घरात दुसरे कुणी नसते तर?

उदयसिंहाने चिमट्याने स्क्रू बाहेर काढला आणि काचेवर ठेवला. तीस.

दीप्तीने पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केली होती. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत ती मोजमापाची उपकरणे तपासायची. दुसऱ्यांचे वजनकाटे, तापमापक, व्होल्टमीटर खरे बोलतात की खोटे, हे ठरवणे तिचे काम. पण हा संगणक ती स्वतःसाठी घेत नव्हती. शिरोळ तालुक्यात, गावी, तिचा थोरला भाऊ संघर्ष लोखंडी खाटेवर पडून असे. काही वर्षांपूर्वी उसाची ट्रॉली उलटली आणि त्याचा कमरेखालचा भाग निकामी झाला. पाय होते, पण त्यांना गार कळत नव्हते, ऊन कळत नव्हते, टोचलेले कळत नव्हते. कमरेच्या वर मात्र तो पूर्वीसारखाच होता. दणदणीत आवाज आणि क्षणभर गप्प न बसणारी जीभ. खाटेवर सरकते टेबल ओढून तो लग्नपत्रिका, फ्लेक्स, जयंतीची पत्रके जुळवायचा. आसपासच्या चार-पाच गावांचे काम त्याच्याकडे येई.

आधीचा संगणक गेल्या दिवाळीच्या तोंडावर फुटला. गावातल्या एका हुशार माणसाने जुन्या एसएमपीएसवर नवे ग्राफिक्स कार्ड चढवून दिले होते. त्याला तो भार पेलवला नाही. एका दुपारी आवाज झाला आणि ठिणग्या संघर्षच्या पायांवरच्या वाकळेवर पडल्या. आई, आक्काताई, शेतात भांगलायला गेली होती. संघर्षने ओढून वाकळ खाली टाकली, तांब्यातले पाणी तिच्यावर ओतले आणि दीप्तीला फोन लावला. "दीपे, औंदा होळी आधीच झाली बघ आपल्यात." तो हसत होता. पायाची दोन बोटे भाजली होती. ते त्याला संध्याकाळी आई आल्यावर कळले.

तेव्हापासून दीप्ती त्या हसण्याला भीत होती. यंत्र ज्याच्या पायाशी राहणार त्याला उठून पळता येत नव्हते आणि भाजले तरी समजत नव्हते. म्हणून नवा संगणक दहा वर्षे टिकणारा हवा होता. आणि टिकणारा म्हणजे तिच्या लेखी एकच, संघर्षला काही होऊ न देणारा.

तिने कमी वीज खाणारा प्रोसेसर निवडला. चित्र दाखवायची सोय त्याच्यातच होती, म्हणजे वेगळे कार्ड नको आणि त्याचा भारही नको. मदरबोर्डाचा सॉकेट त्याला जुळत होता. पण नुसता सॉकेट जुळून भागत नाही. बोर्डातला बायॉस, म्हणजे त्याला जागे करणारा प्रोग्रॅम, जुना असला तर तो नव्या प्रोसेसरला ओळखच देत नाही. तिने उदयसिंहाला बोर्ड चालू करून बायॉसचा आकडा दाखवायला लावला. रॅम बोर्डाच्या कंपनीने तपासलेल्या यादीतली, दोन्ही कांड्या एकाच पाकिटातल्या. कूलरची उंची कॅबिनेटच्या आतल्या जागेपेक्षा पाच मिलिमीटरने कमी. सगळ्या भागांचा मिळून भार दोनशे वॉटच्या आत होता, तरी एसएमपीएस तिने साडेपाचशेचा मागितला.

"एवढ्याशा मशीनला एवढा दांडगा? ही तर शेळीला बैलाची वैरण झाली, ताई."

"उलट आहे. बैलावर शेळीचं ओझं."

"आणि कॅबिनेट हे? अहो, काचेचं घ्या, लायटिंगवालं घ्या. ह्या पत्र्याच्या जाळीला कोण बघणार?"

"बघायला नकोच आहे. काही फुटलं तर आतल्या आत राहायला हवं. प्लॅस्टिकचा एक तुकडा नको मला."

उदयसिंहाने कपाळावर हात मारला. "मशीन जुळवायलाय का मुलीला स्थळ बघायलाय? पत्रिका एवढी बघत नाहीत लोक."

"आमच्यात पत्रिका बघत नाहीत."

"म्हणून ती हौस हितं भागवायलाय व्हय!"

दीप्ती हसली, पण तिचे डोळे बोर्डाच्या कोपऱ्यातल्या एका पिनेवर होते. ती वाकलेली होती की सावलीमुळे तशी दिसत होती? तिने मोबाइलचा टॉर्च लावून पाहिले. सावलीच होती.

दुकानातच सगळे जोडून तिने संगणक दोन दिवस पूर्ण भारावर चालवायला लावला. एकदाही अडखळला नाही. मग खोके मांडीवर घेऊन ती एसटीने गावी गेली.

घरी तिला पहिली गोष्ट दिसली ती भिंतीतला बोर्ड. सॉकेटला तीन भोके होती, पण वरचे मोठे भोक नुसते दिखाऊ. त्याच्या मागे तारच नव्हती. आणि फुटलेल्या संगणकाच्या वायरची तिसरी पिन कुणीतरी पकडीने तोडून टाकली होती.

"हे कुणी केलं?"

"मीच," संघर्ष म्हणाला. "एक्स्टेंशनमधी बसत नव्हती. दोनावर चालतंय तर तिसरी कशाला? शोभेला?"

इतकी वर्षे तो अर्थिंगशिवाय काम करत होता. आत कुठे वायर सुटून पत्र्याला लागली असती, तर वीज जमिनीत जायला वाटच नव्हती. ती त्याच्यातून गेली असती. ह्या संगणकाची तिसरी पिन ती कुणाला तोडू देणार नव्हती.

घराला लागून चुलत्याचे घर होते. अण्णासोतात्या तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील असताना वाटणी झाली तेव्हा खोल्या वाटल्या, भांडी वाटली, परसातला नारळसुद्धा एकआड एक वर्षाने वाटून घेतला. पण दोन घरांमधल्या बोळात पुरलेला अर्थिंगचा पाइप वाटायचे कुणाच्या ध्यानात आले नाही. तो सामाईकच राहिला. दीप्तीने नवा सॉकेट बसवला, बोर्डापासून बोळापर्यंत हिरवी वायर ओढली, पाइप घासून लख्ख केला, क्लॅम्प आवळला. मग मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये दोनशे एकतीस व्होल्ट. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड. दुपारचे दोन वाजले होते, सगळीकडे सामसूम होती आणि आकडे पुस्तकात छापल्यासारखे स्वच्छ होते.

संघर्षने बुद्धभूषण नावाच्या मित्राची पत्रिका उघडली, दोन मिनिटांत तीन रंग बदलले आणि जोरात शिट्टी मारली. "एक नंबर! दीपे, हे तर विमान हाय!"

ती कोल्हापूरला परतली आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

चार-पाच दिवसांनी आईचा फोन आला. इकडचे तिकडचे झाल्यावर आई म्हणाली, "दीपा, त्या डब्याला मुंग्या येत्यात गं."

"कुठनं येतात?"

"काय म्हाईत. सकाळच्या पारी येत्यात, सांजच्याला येत्यात. दुपारी काय न्हाय."

"दादा टेबलावर चहा पितो, सांडत असेल. आई, त्यांना आत शिरू देऊ नकोस. बोर्डावर गेल्या तर शॉर्ट होईल. मुंग्यांचा खडू मिळतो बघ दुकानात, तो ओढ चारी बाजूंनी."

"खडूनं जात्यात व्हय ह्या?"

"जातात."

"बरं बाई," आई म्हणाली, पण तिच्या आवाजात पटल्यासारखे काही नव्हते. "तू शिकलेली."

फोन ठेवल्यावर दीप्तीला जाळीच्या भोकांतून आत जाणारी मुंग्यांची काळी रांग दिसू लागली. जाळीच निवडायची काय गरज होती? दोन दिवसांनी तिने स्वतःच फोन केला.

"खडू ओढला?"

"ओढला की. तरी येत्यात."

"किती आहेत?"

"किती म्हंजे? येत्यात म्हंजे येत्यात. मोजायला ती काय मेंढरं हायत?"

मागून संघर्षचा आवाज आला, "तिला सांग, बाण बी पळतोय." मग फोन त्याच्याकडे गेला. सांजच्याला माउसचा बाण आपोआप थरथरतो, हात न लावता पडद्यावर इकडून तिकडे उडी मारतो, असे त्याने सांगितले. बाकी झकास. हे सांगताना तो मध्येच थांबला, काहीतरी बोलायला गेला आणि मग म्हणाला, "काय न्हाय. ये तू सवडीनं."

तो सवडीने ये म्हणाला, म्हणूनच दीप्ती घाबरली. तिने मनात सगळे भाग पुन्हा एकमेकांशी लावून पाहिले. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कूलर, एसएमपीएस. कुठेतरी एक जोडी चुकली होती आणि ती तिला सापडत नव्हती. प्रयोगशाळेत एका कारखान्याचा काटा तपासताना तिने तेच वजन दोनदा लिहिले. शनिवारी कामावरून सुटल्याबरोबर ती नवा माउस, टॉर्च, टेस्टर आणि मीटर पिशवीत टाकून एसटीत बसली.

घरी पोचेपर्यंत सांज झाली होती. जानेवारीची थंडी उतरत होती. उंबऱ्याबाहेरच्या बादलीतले दोन तांबे पायांवर ओतून ती ओल्या पायांनीच आत आली. संघर्ष उशीला टेकून काम करत होता. उजवा हात माउसवर, डावा खाटेच्या लोखंडी पाइपवर. पायाशी कॅबिनेट होते आणि त्याची उघडी पावले जाळीला टेकवून ठेवलेली होती.

"पाय असे कुणी ठेवले?"

"आईनं," संघर्ष म्हणाला. "गरम वारं येतंय म्हणं तिथनं. पाय गार पडत्यात ना माझे. मला काय कळतंय? पण तिला बरं वाटतंय."

तेवढ्यात बोळापलीकडे तात्यांची वैरण कापायची कडबाकुट्टी सुरू झाली. मोटार आधी कण्हली, मग खडखडाट झाला. पडद्यावरचा बाण थरथरला.

दीप्ती गुडघ्यावर बसली आणि टॉर्च लावला. कॅबिनेटभोवती खडूच्या रेघा होत्या, एकावर एक, आईने रोज नव्याने ओढलेल्या. तिने रेघेच्या आत पाहिले, बाहेर पाहिले, टेबलाखाली, भिंतीच्या कडेला, खाटेच्या पायाशी. एकही मुंगी नव्हती. मेलेलीसुद्धा नव्हती.

वाकताना तोल सावरायला तिने कॅबिनेटवर हात टेकला.

मनगटापर्यंत मुंग्या आल्या.

तिने हात झटकन मागे घेतला. आई खरेच सांगत होती. रोज सांगत होती. शब्द तोच होता. दीप्तीने त्याचा आपल्याला सोपा पडेल तो अर्थ घेतला होता.

तिने उठून भिंतीवरचे बटण बंद केले. पडदा विझला, पंखे थांबले. "ए बाई, सेव्ह केलं नव्हतं!" संघर्ष ओरडला. तिने टेस्टर काढून जाळीला लावला. टेस्टरमधला दिवा मंद लाल पेटला.

संगणक बंद होता आणि त्याच्या पत्र्यात वीज होती.

मग लक्षात आले. बटण तोडते ती फक्त फेज. वीज फेजमधून येतच नव्हती. ती तिसऱ्या पिनेतून येत होती. जी वायर तिने स्वतः ओढली, जो पाइप घासून लख्ख केला, त्यातून.

"दादा, हात वर कर. दोन्ही. खाटेला लावू नकोस."

"का? दरोडा घालायला आलीयास?" पण तिचा चेहरा पाहून त्याने हात वर केले. "काय झालं?"

"बोलू नकोस. हात खाली आणू नकोस."

पायांना धरून ओढावे तर तिची स्वतःची पावले ओली, फरशी ओली. प्लग खाटेच्या डोक्याशी, भिंतीच्या फटीत. तिकडे जायला खाटेला घसटून जावे लागणार. ती वाकळेची घडी घालत होती, तेवढ्यात मागच्या दाराने आई आली. हातांतून भांड्यांचे पाणी निथळत होते. संघर्षचे हात वर पाहून ती घाबरली आणि सरळ त्याच्या पायांकडे धावली.

"आई, शिवू नकोस त्याला!"

आक्काताई जागच्या जागी थांबली. ह्या घरात तो शब्द कुणी वापरत नसे. लहानपणी दुसऱ्यांच्या विहिरीवर, दुसऱ्यांच्या अंगणात तिने तो इतका ऐकला होता की लग्न होऊन आल्यावर तिने तो घराच्या बाहेरच ठेवला होता. तिचा चेहरा पडला, ओले हात तसेच हवेत राहिले.

पण ती थांबली होती. दीप्तीला तेवढेच हवे होते. तिने वाकळेच्या कोरड्या घडीने संघर्षची पावले एकेक करून जाळीपासून दूर ढकलली. ती लाकडासारखी घरंगळली. मग घडी खांद्याशी धरून ती खाट आणि भिंत यांच्या मधून सरकली आणि प्लॅस्टिक पकडून तिने प्लग खेचला. तो घट्ट बसला होता. तिने चांगला नवा सॉकेट आणला होता ना. दुसऱ्या हिसक्याला तो निघाला. टेस्टर लावला. दिवा पेटला नाही.

तिने मीटर सॉकेटला लावला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये शहाऐंशी व्होल्ट.

"दीपे," संघर्ष म्हणाला, "हात खाली घेऊ का आता?"

ती बोळातून पळतच तात्यांच्या गोठ्यात शिरली. "तात्या, मशीन बंद करा!"

"का गं? अर्धी वैरण हाय अजून."

"आधी बंद करा!"

अण्णासोतात्यांनी कुरकुरत खटका पाडला. खडखडाट थांबला. तिच्या धापेखेरीज काही ऐकू येईना.

"न्यूट्रल कुठं आहे ह्या मोटारीची?"

"न्यूट्रल तुटली की दिवाळीतल्या वादळात. वायरमनला सांगून सांगून जीभ झिजली. मग मीच अर्थिंगवर घेतली. चालतंय की! जरा रडत रडत चालतंय, पण चालतंय. सगळा गाव घेतोय."

"आणि माझी वायर त्याच पाइपला आहे."

"मग? जमिनीत जातीया ती. जमिनीला काय कमी हाय?"

"पाइप गंजलाय, तात्या. जमीन सगळी घेत नाही. उरलेली आमच्या घरात येतेय. दादाच्या पायात."

तात्यांनी मान हलवली. ती पटल्याची नव्हती. "मी रोज चालवतोय, मला काय झालं? तू कायतरी उलटं जोडलं असशील. तुझ्या आधी कधी तक्रार न्हवती कुणाची."

हे खरे होते, म्हणूनच ते तिला जास्त लागले. तिने दुपारी दोन वाजता मोजले होते, कडबाकुट्टी बंद असताना. प्रयोगशाळेत रिकाम्या काट्याने शून्य दाखवले म्हणून तिने कधी त्याला पास केले नव्हते. रिकामा असताना खोटा काटाही शून्यच दाखवतो.

ती वाद न घालता म्हशीच्या लोखंडी टाकीकडे गेली. टाकी पाइपला खेटून होती, पाण्याने काठोकाठ भरलेली. "म्हैस पाणी पिते का नीट?"

तात्या चमकले. "न्हाय गं. महिना-दीड महिना झाला. टाकीला तोंड लावती आणि बिचकती. सांजंला तर जवळच येत न्हाय. दूध निम्म्यावर आलंय. तुला कुणी सांगितलं?"

"चप्पल घाला, लांब उभे राहा, आणि पाच सेकंद मशीन चालू करा." तिने मीटरची एक तार टाकीला लावली, दुसरी ओल्या जमिनीत खुपसलेल्या खिळ्याला. मोटार कण्हली. मीटरवर एक्केचाळीस उमटले. तात्यांनी खटका पाडला. आकडा गेला.

तात्या टाकीकडे वळले. "म्हंजे म्हशीला बी?"

"म्हशीला मुंग्या येतात, तात्या."

खिडकीतून संघर्ष ओरडला, "तिला बी खडू ओढा!"

तात्या हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली पकड काढली, पाइपला गेलेली मोटारीची वायर मुळापासून तोडली आणि कोयता घेऊन वैरण हाताने तोडायला बसले.

घरात आल्यावर दीप्तीने संघर्षची पावले मांडीवर घेतली आणि टॉर्चच्या उजेडात पाहिली. उजव्या टाचेच्या वर एक डाग होता. मसुराएवढा, करडा, कडक, मध्ये खोलगट.

"कुरूप झालंय म्हणून मी त्याल लावत हुते," आई दारातूनच म्हणाली. ती अजून जवळ आली नव्हती.

असे डाग तिने प्रशिक्षणात चित्रांत पाहिले होते. वीज शरीरात शिरते तिथे एक पडतो. बाहेर पडते तिथे दुसरा. ती दुसरा शोधू लागली. पोटऱ्या पाहिल्या, मांड्या पाहिल्या, कुशीवर वळवून कंबर पाहिली. दुसरा डाग कमरेखाली असता तर बरे होते. वीज पायातल्या पायात फिरून गेली असती. पाठीवरही काही नव्हते.

"दादा, डावा हात दाखव."

संघर्षने हात मुठीत घेतला. "काय न्हाय तिथं."

"दाखव."

"सांगितलं ना, काय न्हाय!" तो इतक्या जोरात ओरडला की आई आत आली. मग त्याने मूठ उघडली. तळव्याच्या खालच्या भागात, खाटेचा पाइप जिथे टेकत असे तिथे, तसाच एक करडा ठिपका होता. पायापासून डाव्या हातापर्यंत. मधे छाती.

"मुंग्या येत होत्या इथं?"

तो भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत राहिला.

"दादा, येत होत्या का?"

"रोज."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ट्रॉलीखालनं काढलं तवा पायाला मुंग्याच आलत्या आधी," संघर्ष म्हणाला. त्याचा दणदणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "आधी मुंग्या आल्या, मग पाय गेलं. आता हाताला यायला लागल्या. मला वाटलं, वर चढतंय. हात बी चालले. आईला काय सांगू?" त्याने बोटे मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "रात्रभर अशी मोजायचो. पाचच्या पाच हलत्यात का बघत."

आक्काताई खाटेपाशी आली. तिने दीप्तीकडे पाहिले. "आता शिवू का?"

"शीव, आई."

तिने त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि पदराने पुसला, जणू तो डाग पुसून जाणार होता.

रविवारी त्यांनी संघर्षला जयसिंगपूरला नेले. हृदयाचा आलेख काढला, त्यात डॉक्टरांना काही वावगे दिसले नाही. हाताच्या नसांची तपासणी पुन्हा एकदा करू, म्हणाले. मुंग्या विजेच्याच होत्या की दुसऱ्या कशाच्या, ते यंत्र नीट झाल्यावर त्या येतात की नाही यावरून कळेल. म्हणजे उत्तर डॉक्टरांनी तिच्याकडेच परत दिले. आठवडाभर ती कोल्हापुरात काम करत होती, पण मनात एकच विचार होता. संगणकाचा प्लग काढलेला असताना खाटेला हात लावला तर मुंग्या येत नाहीत, असे संघर्षने फोनवर सांगितले. मग म्हणाला, "पण भीतीनं हात लावतच न्हाय मी जास्त." त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते.

पुढच्या शनिवारी परसात नवा खड्डा खणला. तो तात्यांनीच खणला. कुणाला पहार धरू दिली नाही. कोळसा, मीठ, माती असे थर, मध्ये नवा पाइप. हा पाइप फक्त ह्या घराचा. जुन्या पाइपची हिरवी वायर दीप्तीने तोडून गुंडाळून टाकली. बोर्डावर, विजेची गळती झाली की आपोआप वीज तोडणारा स्विच बसवला आणि त्याचे चाचणीचे बटण तीनदा दाबून पाहिले. तिन्ही वेळा तो पडला. दरम्यान वायरमन आला होता आणि तात्यांची न्यूट्रल खांबावरून जोडून गेला होता. म्हैस अजून टाकीकडे संशयानेच बघत होती.

संध्याकाळी सगळे जमले. कॅबिनेट खाटेच्या पायाशी ठेवले, पण पावलांपासून हातभर लांब. तिसरी पिन सॉकेटात गेली. दीप्तीने संगणक चालू केला. तिच्या तळहातांना घाम आला होता. मीटरच्या तारा निसटू नयेत म्हणून तिने ते कपड्याला पुसले.

"तात्या, चालवा!"

"भरून चालवू का रिकामं?" बोळातून आवाज आला.

"भरून. पूर्ण भरून."

कडबाकुट्टी खडखडली. ह्या वेळी मोटार कण्हली नाही. दीप्तीने एक तार कॅबिनेटच्या जाळीला लावली, दुसरी खाटेच्या पाइपला आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली. मग तिने संघर्षकडे मान वळवली.

"आता हात ठेव."

संघर्षने डावा हात पुढे केला. तो पाइपच्या वर थांबला. पलीकडे तात्या मोठ्याने काहीतरी विचारत होते, कुणी उत्तर दिले नाही. त्याने डोळे मिटले आणि एकेक करत पाचही बोटे लोखंडावर टेकवली, मग तळवा.

"मुंग्या?" दीप्तीने विचारले.

त्याने बोटे आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. कडबाकुट्टीचा खडखडाट चालूच होता.

"न्हाईत," तो म्हणाला.

कॅबिनेट ते खाट, कडबाकुट्टी पूर्ण भारावर: ०.२ व्होल्ट.